वाड्यानंतरचे दिवस

वैजापूर, गंगापूर, लासूर स्टेशन या बाजूच्या मोंढ्यांत माल घेऊन येणारा शेतकरी आडत दुकानाच्या गादीवर टेकला की पहिली गोष्ट पावसाची निघते आणि दुसरी भावाची. अलीकडे तिसरी गोष्ट हरणांची असते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून गेलेला कळप, उगवत्या मक्याच्या ओळी तुडवीत गेलेली खुरांची रांग, रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसण्याची पाळी आणि पंचनाम्यासाठी घातलेल्या खेपा, हे सारे तो एका दमात सांगतो. दुकानदार चहा सांगतो, ऐकून घेतो आणि काट्याकडे वळतो. अनेक दुकानांत त्याच्या मागच्या भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर असते. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन हरीण, हे त्या घरातील पाठशाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. शेतकऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या नुकसानीचा हिशेब मात्र त्या तसबिरीखाली सहसा कोणी मांडून पाहत नाही.

ही हरणे म्हणजे काळवीट. नर वयात आला की पाठीवरून काळा होतो, माद्या व पाडसे फिकट तपकिरी राहतात. हा माळरानाचा प्राणी आहे, दाट झाडीत तो रमत नाही. दूरवर नजर पोहोचली पाहिजे आणि धावायला मोकळी जमीन हवी, एवढीच त्याची गरज. वैजापूरला लागून असलेल्या येवला तालुक्यात ममदापूर परिसरात २०१४ साली त्याच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते. परंतु राखीव क्षेत्राची हद्द कागदावर असते, कळपाला ती वाचता येत नाही. माळ नांगरले गेले, गायराने आकसली, आणि जेथे गवत होते तेथे हरभरा आला. उन्हाळ्यात पाणी आटले की हे कळप वस्त्यांजवळ येतात. मग कोणी कठडा नसलेल्या विहिरीत पडते, कोणी कुत्र्यांच्या तावडीत सापडते, कोणी रस्त्यावर वाहनाखाली येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. पिकाची भरपाई देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने जे प्राणी निश्चित केले, त्यांत रानडुक्कर, रानगवा, रोही, माकड यांच्याबरोबर हरणाचेही नाव आहे. भरपाईचा अर्ज, पाहणी, पंचनामा हे सारे रीतसर आहे, पण पीक एका रात्रीत जाते आणि कागद आपल्या चालीने चालतो. म्हणून शेतकऱ्याची मागणी सरळ आहे: मारू नका, पण येथून घेऊन जा.

शेजारच्या मध्य प्रदेशाने ती मागणी प्रत्यक्षात आणून दाखविली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या आगेमागे, माळव्यातील शाजापूर आणि आसपासच्या भागांत वनखात्याने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांना बोलावून हेलिकॉप्टरच्या साहाय्याने काळवीट व रोही पकडले. ही ‘बोमा’ नावाची आफ्रिकी पद्धत. शेतात नरसाळ्याच्या आकाराचा वाडा उभारायचा, तोंडाशी रुंद आणि टोकाशी अरुंद. त्याच्या भिंती कापडाच्या किंवा जाळीच्या असतात, पण आरपार दिसत नसल्याने प्राण्याला ती खरीच भिंत वाटते. हेलिकॉप्टर मागून खाली येते आणि कळप वाड्याच्या तोंडाकडे वळतो. तो आत शिरला की मागे पडदे ओढले जातात. नरसाळ्याच्या टोकाशी वाहन उभे असते. गुंगीचे औषध द्यावे लागत नाही, दोर टाकावा लागत नाही. या मोहिमेत ८४६ काळवीट आणि ६७ रोही, एकूण ९१३ प्राणी हलविल्याचे जाहीर झाले. त्यांना गांधीसागर, कुनो आणि नौरादेही येथील वनक्षेत्रांत सोडण्यात आले.

या मोहिमेचे मोल जाणायचे तर २०१६ चा बिहार आठवावा. तेथे रोही हा उपद्रवी प्राणी ठरविण्यात आला होता, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही काही दिवसांत गोळ्या घालून मारण्यात आले. केंद्रातील दोन मंत्र्यांमध्ये त्यावरून उघड वाद झाला होता. त्या बंदुकीशेजारी माळव्यातला कापडी वाडा ठेवला तर दोहोंतील अंतर कोणत्याही जीवदया मंडळाने मोकळ्या मनाने मान्य करावे. एकही गोळी न झाडता नऊशे जीव शेतातून निघाले, शेतकऱ्याची रात्र मोकळी झाली. हे लहान काम नव्हे.

तथापि येथवर येऊन थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण शरीराचे आहे. काळवीट, रोही, चितळ अशा खुरी प्राण्यांचा भीतीने पाठलाग झाला की त्यांच्या स्नायूंवर एवढा ताण येतो की स्नायूंचे तंतू तुटू लागतात. त्यातून निघालेली द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडे निकामी होतात, हृदय थांबते. पशुवैद्यकात हा पकडण्यातून होणारा आजार म्हणून सर्वज्ञात आहे. त्याचा कपटीपणा असा की प्राणी वाड्यात उभा असतो, गाडीत चढतो, नव्या रानात उतरून धावतही जातो, आणि काही तासांनी, काही दिवसांनी, कधी त्याहून उशिरा झुडपामागे पडून राहतो. त्या वेळी तेथे मोजणारा कोणी नसतो. पाठलाग आखूड ठेवणे, थंड वेळ निवडणे, अंधार आणि शांतता देणे यांनी धोका पुष्कळ कमी होतो. बोमा पद्धत याच विचाराने घडली आहे. पण धोका नाहीसा होत नाही, म्हणून पकडल्याच्या दिवशीचा आकडा हा हिशेबाचा केवळ पहिला रकाना ठरतो.

दुसरे कारण जैन वाचकाला अधिक बोचणारे आहे. कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ पासून आणि गांधीसागरमध्ये एप्रिल २०२५ पासून चित्ते आहेत. चित्त्याला भक्ष्य लागते, आणि माळावरचे हरीण हेच त्याचे भक्ष्य. शेतकऱ्याच्या हरभऱ्यापासून दूर नेलेले काळवीट अशा प्रकारे एका दुसऱ्या ताटात वाढले गेले, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रानात राहणाऱ्या हरणामागे शिकारी प्राणी असणे ही त्या रानाचीच रीत आहे, चित्ता कोणाच्या आज्ञेने हिंसा करीत नाही, आणि विहिरीत बुडून किंवा ट्रकखाली येऊन मरण्यापेक्षा ते मरण अधिक निर्दय ठरेलच असे नाही. पण स्वतःहून रानात असणे आणि माणसाने गाडीत घालून तेथे नेऊन सोडणे यांत कर्त्याचा फरक पडतो. कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द प्रतिक्रमणात म्हणणाऱ्या माणसाला तो फरक समजावून सांगावा लागत नाही. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणारे व्याख्यान ऐकले तरी त्यावर चटकन विश्वास ठेवू नये.

हेलिकॉप्टरने रानटी जनावरे हाकण्याचा दीर्घ अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे, आणि पुढच्या दिवसांचे काय होते हे पाहायचे तर तेथेच पाहावे लागते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी माळांवर हजारो मोकाट घोडे फिरतात, मुख्यतः माणसाळलेल्या घोड्यांचे रानात सुटलेले वंशज. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना विमाने आणि मोटारी मागे लावून पकडीत आणि कत्तलखान्यांना विकीत. १९५० साली नेवाडा राज्यात वेल्मा जॉन्स्टन नावाची, कचेरीत नोकरी करणारी एक स्त्री कामावर जाताना एका ट्रकमधून रक्त ठिबकताना पाहते, ट्रकचा पाठलाग करते, आणि आत घोडे असल्याचे तिला दिसते. तिला हिणवण्यासाठी ठेवलेले टोपणनाव पुढे तिच्या चळवळीचेच नाव झाले. १९५९ साली सरकारी जमिनींवर या घोड्यांच्या शिकारीसाठी विमाने व मोटारी वापरण्यास कायद्याने बंदी आली. शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि १९७१ साली घोड्यांना संरक्षण देणारा कायदा दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता संमत झाला.

मग घोडे वाढले. माळ तेवढाच, पाणी तेवढेच, त्यात गुरे चारणाऱ्यांचाही वाटा. १९७६ साली सरकारने हेलिकॉप्टर वापरण्याची मुभा कायद्यातच परत मिळविली. आज तेथे भूमी व्यवस्थापन विभागाच्या मते माळाला झेपतील असे प्राणी सुमारे साडेपंचवीस हजार आहेत, आणि प्रत्यक्षात अलीकडच्या गणनेनुसार घोडे व गाढवे मिळून सुमारे त्र्याहत्तर हजार. म्हणून दरवर्षी धरपकड होते. तेथेही नरसाळ्यासारखाच सापळा असतो, बाजूंना गोणपाटाच्या लांब भिंती, आणि तोंडाशी एक शिकविलेला पाळीव घोडा. कळप जवळ आला की त्या घोड्याला सोडतात. तो सवयीने आत पळतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. त्या घोड्याला तेथील लोकांनी विश्वासघातक्याचे नाव दिले आहे, जे त्या मुक्या प्राण्यावर अन्याय करणारे आहे.

पकडताना मृत्यू होतात, पाय मोडतात, एखादा घोडा लोखंडी कठड्यावर उडी घेऊन मान मोडून घेतो. शिंगरे मागे राहतात. सरकारी आकडे पाहिले तर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. २०१५ मध्ये त्या विभागाने पशुकल्याणाची नियमावली केली. वैमानिकाने हेलिकॉप्टर घोड्याला भिडवू नये, कळपाच्या चालीने हाकावे, मागे पडलेल्या शिंगराला शोधून आणावे असे त्यात आहे. ही नियमावली सुचली ती कचेरीत बसून सुचली नाही. वर्षानुवर्षे काही स्त्री-पुरुष स्वखर्चाने त्या ओसाड माळांवर जात, नेमून दिलेल्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन उभे राहत, आणि किती घोडे आले, किती दूर पळविले, किती पडले हे लिहून घेत. त्यांना बहुधा इतक्या दूर उभे केले जाई की सापळ्याचे तोंडच दिसू नये. लॉरा ली या छायाचित्रकार पत्रकार स्त्रीने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, आणि २०१२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने म्हटले की सरकार आपले काम लोकांच्या नजरेआड ठेवू पाहत असेल तर त्या निर्बंधाची कारणे न्यायालयाने कसून तपासली पाहिजेत, नुसता शब्द मानून चालणार नाही. खटल्याचा पुढचा प्रवास वेगळा आहे. पण त्या बाईंनी मागितले होते ते एवढेच की उभे राहून पाहू द्या.

यापुढचा भाग व्यापारी घराने विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण तो पैशाचा आहे. पकडलेले घोडे मारायचे नाहीत, सोडायचेही नाहीत, तर त्यांचे करायचे काय? काही दत्तक दिले जातात. उरलेले सरकारी वाड्यांत आणि कंत्राटाने घेतलेल्या कुरणांत राहतात. आज अशा रीतीने पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या साठ हजारांच्या वर आहे, आणि या कार्यक्रमाच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा त्यांच्या चाऱ्यापाण्यालाच जातो. माळावर काम करावयास, माद्यांना गर्भनिरोधक लस टोचून संख्या सौम्य मार्गाने आवरावयास मग पैसा उरत नाही. ओझे कमी व्हावे म्हणून २०१९ पासून घोडा दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देण्याची योजना निघाली. दोन वर्षांत वर्तमानपत्रांतून उघड झाले की काही लोक रक्कम हाती पडताच घोडे लिलावात काढीत आहेत आणि तेथून ते कत्तलीच्या वाटेला लागत आहेत. २०२५ मध्ये न्यायालयाने ती योजना रद्द केली. दयेसाठी मोजलेल्या पैशालाही बाजार आपला भाव लावतो. बाजारातून जीव सोडवून आणणाऱ्या अनेक मंडळींना याचा अनुभव घरचाच आहे.

साठ हजार घोड्यांचे ते वाडे म्हणजे वस्तुतः एक अवाढव्य पांजरपोळ, आणि पांजरपोळ चालविणे म्हणजे काय हे या समाजाइतके फार थोड्यांना कळते. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारावयास आरंभ केला, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन रहिवासी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, दंगा झाला. पण त्या संतापापेक्षा दोन वर्षांनी घडलेली गोष्ट अधिक टिकाऊ ठरली. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच पालिताण्याला ज्यांची टूंक आहे ते मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पकडू नका असे म्हणणाऱ्यांनी पकडलेल्याला ठेवायची जागा दिली, आणि ती चालवण्याची जबाबदारीही घेतली. ती संस्था आजही चालते. मात्र पांजरपोळीचे विश्वस्त मंडळ पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की जनावर आणून सोडण्याच्या दिवशी ढोल वाजतात आणि फोटो निघतात. त्यानंतरच्या तीन हजार दिवसांचा कडबा, पावसाळ्यातील चिखल, म्हाताऱ्या जनावराचे झिजलेले दात आणि रात्री न येणारा डॉक्टर यांचा फोटो निघत नाही.

भगवान नेमिनाथांची कथा सर्वांना माहीत आहे. राजीमतीशी विवाहासाठी वरात निघालेली असते, वाटेत वाड्यात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी पडतो, लग्नाच्या जेवणावळीसाठी ते आणले आहेत असे सारथी सांगतो, आणि नेमिकुमार रथ फिरवितात. कथा सांगणारे बहुतेक जण रथ फिरण्याच्या त्या क्षणावर भर देतात. त्याच्या आधीच्या क्षणाकडे थोडे दुर्लक्ष होते. वरातीतील सगळ्यांनाच तो आवाज ऐकू येत होता. वाद्ये वाजत होती, तरी ऐकू येत होता. हे प्राणी येथे कशासाठी, असे सारथ्याला थांबवून विचारले ते एकट्याने. आणि पाठशाळेत ही कथा सांगताना एखादे मूल हमखास विचारते की वाडा उघडल्यावर ती हरणे कोठे गेली. शिक्षिका बहुधा हसून पुढे जातात.

वैजापूरच्या माळावर उद्या हेलिकॉप्टर आले तर ते शेतकऱ्याच्या मागणीनेच आलेले असेल, आणि तिला विरोध करण्याचा अधिकार ज्याने एकही रात्र बांधावर काढली नाही त्याला फारसा पोहोचत नाही. परंतु वाडा कोठे लावणार, पाठलाग किती मिनिटे चालणार, विण्याच्या दिवसांत पाडसवाल्या माद्यांना हाकणार की नाही, कोणत्या रानात सोडणार, तेथे उन्हाळ्यात पाणी आहे काय, आणि सहा महिन्यांनंतर त्यांतले किती जिवंत आहेत, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. शहरातील एखाद्या संघाने दोन पशुवैद्य आणि वही घेऊन बसणारी चार माणसे तेथे उभी करण्याची रीतसर परवानगी मागितली तर ती मागणी वावगी ठरणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

तोवर हेलिकॉप्टरची वाट पाहण्याचेही कारण नाही. उघड्या विहिरीभोवती एक पुरुष उंचीचा कठडा बांधावयास दगड, वाळू आणि गवंड्याची काही दिवसांची मजुरी लागते. चैत्र-वैशाखात माळावरच्या पाणवठ्यात टँकर रिकामा करण्याचा खर्च पर्युषणातल्या एका स्वामीवात्सल्यापेक्षा कितीतरी कमी असतो. ज्याचा हरभरा गेला त्याला पंचनाम्याचा अर्ज लिहून देणे, त्याच्याबरोबर एकदा वनखात्याच्या कचेरीत जाणे, एवढे काम दुकानातील मुनीमही करू शकतो, आणि तेही जीवदयेच्या खात्यावर लिहिता येते. हरीण त्या शेतात जगते ते त्या शेतकऱ्याच्या खर्चाने जगते.

माघात हरभरा घाट्यावर येतो. दिवस मावळला की कळप गवताच्या पट्ट्यातून बाहेर पडून बांधाशी उभे राहतात, माना वर करून, वाऱ्याकडे तोंड करून. पलीकडे शेतकरी बॅटरी घेऊन बसलेला असतो. सकाळी तोच माणूस पोती घेऊन मोंढ्यात येणार असतो.